‘फॅमागुस्टा’तील चारही नावे छापावीत

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

विजय दिनाच्या निमित्ताने दर वर्षी १६ डिसेंबरला मराठी दैनिकांतून १९७१ च्या भारत-पाक युद्धातील सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्या पराक्रमाची आठवण छापली जाते. ती छापली जावी याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मात्र या मजकुराला आता एक ठरावीक साचा पडला आहे. एकवीस वर्षांचा देखणा अधिकारी, पेटलेला रणगाडा, वायरलेसवरचे ते शेवटचे वाक्य आणि त्याखाली ‘एकट्याने शत्रूचे दहा रणगाडे उद्ध्वस्त केले’ असे विधान. हे शेवटचे विधान चुकीचे आहे, आणि ती चूक केवळ आकड्यापुरती नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

परमवीर चक्राच्या मानपत्रात लिहिले आहे ते वेगळे. जरपालच्या त्या लढाईत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले आणि त्यांपैकी चार खेत्रपाल यांनी टिपले, असे त्यात म्हटले आहे. पुढे, गंभीर जखमी झाल्यावर आणि रणगाडा सोडण्यास सांगितलेले असतानाही त्यांनी आणखी एक टिपला, याचीही त्यात नोंद आहे. उरलेले रणगाडे पूना हॉर्स या त्यांच्याच रणगाडा पलटणीच्या इतर गाड्यांनी टिपले. त्या चकमकीत खेत्रपाल यांच्या जोडीला कॅप्टन मल्होत्रा आणि लेफ्टनंट अहलावत यांचे रणगाडे होते. चार-पाच रणगाडे हा कोणत्याही सैन्याच्या इतिहासात थक्क करणारा आकडा आहे, तेव्हा तो फुगवून दहावर नेण्याची गरज का भासावी हे मला कधी कळले नाही. पण त्याहून महत्त्वाचा मुद्दा ‘एकट्याने’ या शब्दाचा आहे. रणगाड्यात एकट्याने काहीच करता येत नाही. खेत्रपाल यांच्या ‘फॅमागुस्टा’ नावाच्या सेंच्युरियन रणगाड्यात त्यांच्यासह चार जण होते. ड्रायव्हर सवार प्रयाग सिंग, गनर सवार नथू सिंग आणि वायरलेस सांभाळणारा लोडर सवार नंद सिंग. यांपैकी नंद सिंग त्याच सकाळी, त्याच रणगाड्यात, आपल्या अधिकाऱ्याबरोबर मारले गेले. विजय दिनाच्या चौकटीत हे नाव मी अद्याप वाचलेले नाही.

आम्हा नगरकरांना, म्हणजे आता अहिल्यानगरकरांना, या विषयाबद्दल थोडा अधिक जिव्हाळा आहे, तो का हे आधी सांगतो. खेत्रपाल यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यात झाला, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत ते शिकले आणि १३ जून १९७१ रोजी ते ज्या पूना हॉर्समध्ये दाखल झाले, ती पलटण १८१७ साली पुण्यातच उभी राहिलेली. युद्धाचे ढग जमू लागले तेव्हा ते आमच्या शहरातल्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये तरुण अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम करत होते. तो अर्धवट सोडून ते आघाडीवर गेले. जाताना दिल्लीत घरी थांबले असता त्यांच्या सामानात गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा निळा गणवेश होता; लाहोरला गोल्फ खेळायचे आणि विजयाच्या मेजवानीला गणवेश लागणार, असे त्यांचे उत्तर होते. युद्धानंतर दुरुस्त केलेला ‘फॅमागुस्टा’ त्याच नगरच्या संस्थेत जतन करून ठेवला आहे. नगरचे रणगाडा संग्रहालय पाहण्यासाठी राज्यभरातून शाळांच्या सहली येतात, आणि रणगाडा म्हणजे काय हे इथल्या मुलांना कॅम्पाकडे जाता-येता दिसत असते. म्हणूनच ‘एकट्याने’ हा शब्द इथल्या माणसाला जास्त खटकतो.

सेंच्युरियनच्या आत माणसे कशी बसतात हे डोळ्यांसमोर आणले, तर मला काय म्हणायचे आहे ते स्पष्ट होईल. ड्रायव्हर पुढे, गाड्याच्या धडात, उजव्या बाजूला, इतरांपासून वेगळा बसतो. लढाईत झाकण बंद केले की त्याला बाहेरचे जग भिंगांच्या अरुंद पट्टीतून दिसते तेवढेच. वर फिरणाऱ्या टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या घुमटात, उजवीकडे गनर बसतो, दुर्बिणीला डोळा लावून. त्याच्या मागे आणि थोडा वर कमांडर असतो, इतका जवळ की त्याचे गुडघे गनरच्या पाठीला लागतात. तोफेच्या डाव्या बाजूला लोडर उभा असतो. गोळा उचलून तोफेत सारायचा आणि त्याच वेळी वायरलेसच्या सेटकडेही लक्ष ठेवायचे, ही दोन्ही कामे त्याची. कमांडर लक्ष्य हेरतो, कोणता गोळा भरायचा आणि अंतर किती हे सांगतो, लोडर गोळा भरून तसे ओरडून कळवतो, गनर नेम धरून उडवतो आणि ड्रायव्हर त्या क्षणापुरता गाडा स्थिर ठेवतो. समोरच्या शत्रूच्या रणगाड्यातही हाच क्रम चाललेला असतो आणि ज्याचा क्रम आधी पूर्ण होतो तो वाचतो. चौघांपैकी एकाचा हात अडखळला तर उरलेल्या तिघांचे शौर्य वाया जाते. शिवाय या चौघांच्या भोवती, हाताच्या अंतरावर, तोफगोळे रचून ठेवलेले असतात आणि इंधनाच्या टाक्याही त्याच गाड्यात असतात. आग लागली तर सर्वांना एकाच वेळी लागते.

आता १६ डिसेंबर १९७१ च्या सकाळकडे येतो. शकरगढ विभागात बसंतर नदीच्या पलीकडे पाय रोवण्याचे काम ४७ इन्फंट्री ब्रिगेडने आदल्या रात्री नऊच्या सुमारास पूर्ण केले होते. मधल्या पट्ट्यात शत्रूने सुरुंग पेरले होते. इंजिनिअर्सनी त्यातून रणगाड्यांसाठी वाट मोकळी करायची होती, पण त्यांचे काम निम्म्यावर असतानाच पलीकडे शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसू लागली आणि पलीकडचे पायदळ उघडे पडण्याची वेळ आली. तेव्हा पूना हॉर्सने वाट पूर्ण मोकळी होण्याची वाट न पाहता उरलेल्या सुरुंगांतूनच गाडे पुढे घातले. इतिहासात हे दोन ओळींत उरकले जाते. प्रत्यक्षात प्रत्येक गाड्याचा ड्रायव्हर त्या रात्री काय करत होता याचा क्षणभर विचार करावा: अंधारात, पुढच्या गाड्याच्या साखळीचा माग धरून, कोणत्याही क्षणी खालून स्फोट होईल हे माहीत असताना गाडा चालवत राहायचा.

सकाळी आठच्या सुमारास पाकिस्तानच्या १३ लान्सर्स या रणगाडा पलटणीने धुराच्या पडद्याआडून जरपालवर चढाई केली. ‘बी’ स्क्वॉड्रनने वायरलेसवरून मदत मागितली आणि ‘ए’ स्क्वॉड्रनमधून खेत्रपाल आपल्या ट्रूपसह, म्हणजे रणगाड्यांच्या छोट्या तुकडीसह, निघाले. वाटेत शत्रूच्या पायदळाची ठाणी आणि रणगाडाविरोधी तोफांचे मोर्चे होते. त्यांच्यावर थेट गाडे घालून, पिस्तूल रोखून माणसे कैद करत ते पुढे गेले. या धुमश्चक्रीत त्यांच्या ट्रूपमधील एका रणगाड्याचा कमांडर मारला गेला. मानपत्रात त्याचा उल्लेख आहे, नाव नाही. त्यानंतर शत्रूच्या पॅटन रणगाड्यांशी जी लढाई झाली, तीत अहलावत यांच्या गाड्यावर गोळा बसला, मल्होत्रा यांच्या गाड्याची तोफ अडकली आणि त्या टापूत लढता गाडा एकच उरला. तोही पेटलेला.

या क्षणी काय घडले ते वाचलेल्या सहकाऱ्यांच्या तोंडून पुढे आले आणि ते सर्वश्रुत आहे. गाड्याला आग लागल्याचे पाहून ड्रायव्हर प्रयाग सिंग यांनी सुचवले की थोडे मागे जाऊन आग विझवू. खेत्रपाल यांनी नकार दिला. एकही रणगाडा इंचभरही मागे हटणार नाही असा कमांडिंग ऑफिसर हनूत सिंग यांचा हुकूम होता आणि तो त्यांनी ड्रायव्हरला ऐकवला. वायरलेसवरून वरिष्ठांनी गाडा सोडण्यास सांगितले, तेव्हा आपली मुख्य तोफ अजून चालते आहे, आपण गाडा सोडणार नाही, असे कळवून त्यांनी सेट बंद केला. त्यानंतर आणखी एक रणगाडा टिपला गेला आणि पाठोपाठ शेवटचा गोळा ‘फॅमागुस्टा’च्या टरेटवर बसला. नंद सिंग जागीच गेले. नथू सिंग आणि प्रयाग सिंग जखमी झाले, पण वाचले. खेत्रपाल यांच्या जखमा इतक्या खोल होत्या की ते वाचणे शक्य नव्हते. त्याच दिवशी दुपारी ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या.

या प्रसंगाच्या कथनात प्रयाग सिंग यांची सूचना नेहमी अशा रीतीने येते की जणू अधिकाऱ्याचे धैर्य उजळून दिसावे म्हणून कोणीतरी कच खाल्लेली असणे गरजेचे होते. मला हे अन्यायाचे वाटते. पेटलेल्या गाड्यात गोळे असतात हे ज्याला ठाऊक आहे, त्या माणसाने आग विझवण्याबद्दल बोलणे हे त्याचे कामच आहे. न बोलता तर ते त्याचे चुकले असते. गाडा आणि गाड्यातली माणसे टिकली तरच पुन्हा लढता येते, हा त्या सूचनेमागचा साधा हिशेब होता. महत्त्वाचे हे की नकार मिळाल्यावर त्यांनी हातातले दांडे सोडले नाहीत. झाकण उघडून बाहेर उडी मारण्याची वाट ड्रायव्हरला टरेटमधल्या माणसांपेक्षा कमी अडथळ्यांची असते. ती वाट त्यांनी घेतली नाही. नथू सिंग यांचा डोळा दुर्बिणीला लागलेला राहिला, नंद सिंग पुढचा गोळा भरत राहिले. तो अखेरचा रणगाडा टिपला गेला याचा अर्थ एवढाच आहे की पेटत्या गाड्यात त्या चौघांचाही क्रम शेवटपर्यंत चुकला नाही. जखमी अवस्थेत लढणाऱ्या अधिकाऱ्याला वाकून नमस्कार करताना, त्याच्या गुडघ्यापाशी बसलेल्या माणसाकडे पाठ फिरवून तो करता येणार नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. निर्णय कमांडरचा असतो, नेम हेरण्यासाठी झाकणातून डोके बाहेर काढून उभा राहणारा तोच असतो, चुकले तर दोष त्याचा आणि त्यामुळे गौरवही त्याचा. हे मला मान्य आहे. परमवीर चक्राचे चार तुकडे करावेत असे मी म्हणत नाही. खेत्रपाल यांचा निर्णय त्यांचा एकट्याचा होता, आणि एकवीस वर्षांच्या माणसाने इतरांच्या जिवाचे ओझे अंगावर घेऊन तो घेतला, हेच त्या निर्णयाचे मोठेपण आहे. पण मग ज्यांच्या जिवाचे ओझे त्यांनी घेतले ते इतर कोण होते, हे वाचकाला कळायला नको का? ते निनावी ठेवले तर निर्णयाचे वजनही वाचकाला कळत नाही; उरते ती एक पराक्रमाची चित्रकथा.

त्याच जरपालच्या मातीत, त्याच दिवसांत, ३ ग्रेनेडियर्सचे मेजर होशियार सिंग लढत होते. अंगावर जखमा असताना ते खंदकाखंदकातून जवानांना धीर देत फिरत होते. एका मशीनगनच्या खड्ड्याजवळ शत्रूचा गोळा पडून तिथले जवान जखमी झाले आणि गन गप्प झाली, तेव्हा ते धावत तिथे गेले आणि त्या जखमी सोबत्यांच्या जागी स्वतः गन चालवू लागले. हल्ला परतला तेव्हा शत्रूचे ८५ मृतदेह मागे राहिले होते, त्यांत त्यांच्या कमांडिंग ऑफिसरचाही समावेश होता. १९७१ च्या युद्धातील चार परमवीर चक्रांपैकी एवढे एकच जिवंत वीराला मिळाले. युद्धविराम होईपर्यंत त्यांनी मागे जाण्यास नकार दिला होता. गनवरचे ते जखमी जवान कोण होते हे मानपत्र सांगत नाही; मानपत्राचा तो उद्देशही नसतो. वृत्तपत्राचा मात्र असू शकतो.

पूना हॉर्सचेच याआधीचे परमवीर, लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, यांच्याबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण सोबत्यांवरील निष्ठा म्हणजे काय याचे त्यांच्याइतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल. मुंबईत जन्मलेला आणि पुण्यात शाळा शिकलेला हा पारशी अधिकारी सुरुवातीला हैदराबाद संस्थानच्या पायदळात होता. एकदा हातबॉम्ब फेकण्याचा सराव चालू असताना एका जवानाच्या हातून सुटलेला बॉम्ब फेकण्याच्या खड्ड्यातच पडला. तारापोर यांनी उडी घेऊन तो उचलला आणि बाहेर फेकला. तो हवेत फुटला आणि त्याचे तुकडे त्यांच्या छातीत घुसले. संस्थानी फौजेचे प्रमुख जनरल एल एदरूस यांनी हे पाहिले होते. त्यांनी बोलावून काय हवे ते विचारले, तेव्हा तारापोर यांनी रिसाल्यात बदली मागितली. अशा रीतीने हा माणूस रणगाड्यांकडे आला, एका निनावी जवानाचा जीव वाचवून.

सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर पूना हॉर्सची कमान त्यांच्याकडे होती. फिल्लोरा आणि चविंडा यांच्या मधून पलटण घुसत असताना शत्रूचे जड रणगाडे वझिरवालीकडून अंगावर आले. त्या लढाईत ते जखमी झाले आणि त्यांना मागे नेण्याची तयारी झाली, तेव्हा त्यांनी ते नाकारले. १४ सप्टेंबरला त्यांनी वझिरवाली आणि १६ सप्टेंबरला जस्सोरन व बुतुर-डोग्रांडी घेतले, तेही ती जखम अंगावर वागवत. त्यांच्या स्वतःच्या गाड्यावर अनेक वेळा गोळे बसले, अखेर तो पेटला आणि त्यांना वीरमरण आले. पलटणीने या मोहिमेत शत्रूचे सुमारे साठ रणगाडे निकामी केले आणि स्वतःचे नऊ गमावले, असे मानपत्र सांगते. इथेही आपण ‘तारापोर यांनी साठ रणगाडे उडवले’ असे सर्रास लिहितो. मानपत्रात ‘पलटणीने’ असे आहे, आणि तारापोर यांना ते अधिक आवडले असते. आपण पडलो तर पार्थिव मागे न नेता रणभूमीवरच दहन करावे, असे त्यांनी आपले सहकारी मेजर चीमा यांना सांगून ठेवले होते. पारशी माणसाने असे सांगणे किती वेगळे होते हे मुंबई-पुण्याच्या वाचकाला समजावून सांगायला नको. त्यांची इच्छा पाळली गेली.

आमच्या जिल्ह्याचा विषय निघालाच आहे तर निमजचे नामदेव जाधव यांच्याशिवाय तो पुरा होणार नाही. ते रणगाड्यातले नव्हते, मराठा लाइट इन्फंट्रीचे साधे शिपाई होते, कंपनीचे निरोप पोहोचवणारे रनर. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदी ओलांडताना त्यांच्या लहानशा तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. कंपनी कमांडर आणि आणखी दोघे जखमी झाले, बाकीचे ठार झाले. जाधवांनी एका जखमीला खांद्यावर घेतले, खोल पाण्यातून, उभ्या चढाच्या बंधाऱ्यावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोहोचवले आणि दुसऱ्याला आणण्यासाठी ते पुन्हा गेले. दोन्ही खेपा तोफा-मशीनगनच्या माऱ्याखाली झाल्या. इथे थांबले असते तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती. पण मेलेल्या सोबत्यांचा हिशेब बाकी होता. तिसऱ्यांदा नदीपार जाऊन त्यांनी पहिले ठाणे टॉमीगनने गप्प केले. तेवढ्यात हाताला गोळी लागली, गन चालवता येईना, तेव्हा ती टाकून देऊन त्यांनी हातबॉम्ब घेतले आणि आणखी दोन ठाणी उडवली. मध्येच बॉम्ब संपले तर बंधाऱ्याच्या माथ्यावर सरपटत जाऊन पलीकडच्या उतारावरच्या सोबत्यांकडून आणखी मागून घेतले. शेवटी त्याच बंधाऱ्यावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना देत त्यांनी मागच्या कंपन्यांना हात करून पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९८४ साली ते वारले.

या प्रसंगात मला नेहमी त्या उतारावरून हातबॉम्ब वर सरकवणाऱ्या माणसांचे कुतूहल वाटते. त्यांनी बॉम्ब दिले नसते तर तिसरे ठाणे तसेच राहिले असते. आपल्याकडे वीरपुरुषाची गोष्ट सांगताना आजूबाजूची माणसे पुसून टाकण्याची सवय आहे आणि ती फक्त युद्धापुरती आहे असेही नाही, पण तो वेगळा विषय होईल.

खेत्रपाल यांच्याबाबत एक गोष्ट अलीकडे बरीच छापून येते, ती त्यांच्या वडिलांची. ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल २००१ साली, वयाच्या ऐंशीच्या घरात असताना, आपले मूळ गाव सरगोधा पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये ज्यांच्याकडे त्यांचा मुक्काम होता ते ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी निरोपाच्या आधी त्यांना सांगितले की त्या सकाळी १३ लान्सर्सच्या बाजूने तुमच्या मुलासमोर मीच होतो. ही गोष्ट विलक्षण आहे आणि ती छापली जावी. पण शत्रूच्या बाजूच्या अधिकाऱ्याचे नाव आता मराठी वाचकाला माहीत आहे आणि आपल्याच गाड्यातल्या लोडरचे नाही, ही स्थिती कोणत्याही संपादकाला बरी वाटणार नाही.

यासाठी फार काही करावे लागणार नाही. पूना हॉर्सच्या त्या चौघांची नावे गुप्त नाहीत. या लढाईवरील प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांमध्ये ती आहेत. अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना २०२३ मध्ये परमवीरांची नावे दिली गेली, त्यांत खेत्रपाल आणि तारापोर दोघेही आहेत, आणि खडकवासल्याच्या संचलन मैदानालाही खेत्रपाल यांचेच नाव आहे. ते सर्व योग्यच आहे. सवारांसाठी बेट मागण्याचा माझा विचार नाही. शाळांतून विजय दिनाची भाषणे मुले वृत्तपत्रांतल्या चौकटी पाठ करून करतात, हे मी शिक्षक म्हणून अनेक वर्षे पाहिले आहे. चौकटीत ‘एकट्याने दहा’ असेल तर मुले तेच म्हणणार, आणि ‘चौघांनी मिळून’ असेल तर तेही तितक्याच जोरात म्हणणार. मुलांना त्यात काही कमी वाटत नाही. उलट, ड्रायव्हर काय करत होता, गोळा कोण भरत होता, हे सांगितले की वर्गात प्रश्न येऊ लागतात, असा अनुभव आहे.

तेव्हा येत्या १६ डिसेंबरच्या अंकासाठी विनंती अशी आहे. खेत्रपाल यांच्या मजकुरात रणगाड्यांची संख्या मानपत्राप्रमाणे द्यावी, ‘एकट्याने’ हा शब्द काढावा आणि छायाचित्राखाली नावे हुद्द्यांसह पुढीलप्रमाणे छापावीत: सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, कमांडर, सवार नथू सिंग, गनर, सवार नंद सिंग, लोडर व वायरलेस ऑपरेटर, सवार प्रयाग सिंग, ड्रायव्हर. पहिल्या आणि तिसऱ्या नावापुढे हुतात्मा असे लिहावे. जागा अपुरी पडत असेल तर छायाचित्र थोडे लहान केले तरी चालेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
भिंगार, अहिल्यानगर